शिंजोच्या घरातला भाडेकरू

यामागाता, ९ ऑक्टोबर २०२२

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. पत्राला मध्येच "पुरे रे आता" म्हणता येत नाही.

अडुसष्टाव्या वर्षी शिंजो गावातलं घर बंद करून थायलंडला, चियांग माईला राहायला जायचं हे तू ठरवूनच टाकलंयस. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीची पेन्शन इथे रॉकेलच्या शेगडीत जळून जाते, तिकडे तीच पुरून उरेल, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. नगरपालिकेच्या खिडकीवर मी चौतीस वर्षं बसलो. परदेशी जाणाऱ्यांची नावं रहिवासी नोंदीतून काढायचं काम माझ्याकडे होतं. लोक हसत हसत फॉर्म भरायचे. त्या एका शिक्क्याने आपलं काय काय सुटतंय, हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसायचं.

तुझं नाव निघालं की सरकारी आरोग्य विमा संपला. खाजगी विमेवाले जुनं दुखणं धरत नाहीत, आणि तुझे पित्ताचे खडे चांगले पंधरा वर्षांचे आहेत. पेन्शन येत राहील, पण दरवर्षी "मी जिवंत आहे" असं लिहून, त्यावर शिक्का घेऊन पाठवायचं. व्हिसासाठी तिथल्या बँकेत आठ लाख थाई बाट ठेवायचे. म्हणजे तुझी जवळजवळ सगळी शिल्लक. ती खायची नाही, नुसती दाखवायची. दरवर्षी मुदतवाढीच्या दोन महिने आधीपासून ती पूर्णच्या पूर्ण दिसली पाहिजे.

मी हिशेब मांडून पाहिला. घराचं भाडं महिना तीस हजार येन आलं तरच तो जुळतो. आणि जिथे बर्फ खिडक्या झाकून वर चढतो, तिथलं साठ वर्षांचं घर भाड्याने घेणार कोण?

तोमिए म्हणते, "जाऊ द्या की वन्संना, तुमच्या पोटात का दुखतंय?" बायको आणि बहीण एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार! तरी सांगतो, जाऊ नकोस.

शिगेनोरी


चियांग माई, ४ डिसेंबर २०२२

शिगे,

पोचले. जिवंत आहे. शिक्का नंतर पाठवते.

बँकेत खातं उघडायला तीन खेटे घातले. पहिल्या दिवशी म्हणाले, पत्त्याचा दाखला आणा. तो देणाऱ्या कचेरीत गेले तर म्हणे, आधी बँकेचं पुस्तक आणा. तुझी फार आठवण आली. तू तिथे असतास तर त्यांच्याच बाजूने बोलला असतास. शेवटी घरमालकीण पिम्पाबाई माझ्याबरोबर आली, खिडकीवरच्या मुलीला काय बोलली देव जाणे, आणि दहा मिनिटांत काम झालं. आठ लाख आता तिथे बसलेत, बुद्धापुढे ठेवलेल्या भातासारखे. रोज बघायचे आणि हात जोडायचे.

विमा घेतलाय. पित्ताशय सोडून बाकी सगळ्या शरीराचा. तू म्हणालास तस्संच झालं, तेव्हा आता खूश हो.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. गुडघ्यांचं काय विचारशील तर पंधरा दिवसांत मी त्यांना विसरून गेले. काल बाजारात मी थाई बोलायला गेले आणि "हे वांगं केवढ्याला" ऐवजी "हे वांगं माझं आहे" असं काहीतरी बोलले. पिम्पाबाई आणि भाजीवाली अशा हसल्या की मीही हसत सुटले. पोट दुखेपर्यंत. केव्हा हसले होते असं, आठवत नाही.

आणि एक सांगते. परवा सकाळी जाग आली तेव्हा सात वाजले होते. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या घंटीसाठी अकरा वर्षं माझा एक कान जागा असायचा. ती गेल्यावरही तो चार वाजता उठायचा. परवा तो झोपला.

भाडेकरू बघ. तीन महिन्यांत मिळाला नाही तर मी परत येईन, मान्य केलंय तसं. हिशेब तुझा, शब्द माझा.

हिसाए


यामागाता, २० जानेवारी २०२३

ताई,

भाडेकरू मिळाला. मुरोया नाव. पन्नाशीचा आहे, एकटाच असतो, रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर चालक आहे. शांत माणूस. तीस हजार द्यायला तयार झाला. या महिन्यापासून तुझ्या खात्यात जमा करतो.

इथे थंडी फार आहे. बाकी ठीक.

शिगेनोरी


चियांग माई, ११ जून २०२३

शिगे,

सोबत वाळवलेले लोंगान पाठवतेय, इथलं लिचीसारखं गोड फळ. अर्धे तुम्हा दोघांना, अर्धे मुरोया-सानना. शिंजोला जाशील तेव्हा दे.

त्यांना सांग, न्हाणीघराचा नळ डावीकडे जोरात पिळायचा नाही, पिरगळून हातात येतो. डिसेंबर लागला की रात्री पाइपातलं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर गोठून फुटतात. हे तू सांगितलंच असशील. आणि ते जेवतात काय? एकटा पुरुष म्हणजे रोज पाकिटातल्या शेवया. वरच्या फळीवर माझी लोणच्याची बरणी आहे, ती खुशाल वापरा म्हणावं.

गंमत वाटते. त्या घराने मला आयुष्यभर राबवलं, आणि आता म्हातारपणी तेच कमावून मला घालतंय. आपल्या पायावर उभं राहणं म्हणतात ते हेच की काय! मला तर उशिराच कळलं.

हिसाए


यामागाता, १९ नोव्हेंबर २०२३

ताई,

लोंगान पोचले. मुरोयाला आवडले. तसा तो गोड फारसं खात नाही, पण हे खाल्ले. नळाचं सांगितलं. लोणच्याची बरणी त्याने उघडली नाही, संकोची आहे.

तू त्याला स्वतंत्र पत्र लिहिणार म्हणतेस, ते नको. त्याला वाचायचा कंटाळा आहे.

येन घसरतोय, ते तुला तिथे जास्त कळत असेल. फेब्रुवारीत मुदतवाढ आहे. डिसेंबरच्या मध्यापासून आठ लाखांतला एक बाटही हलवू नकोस.

शिगेनोरी


चियांग माई, ३० सप्टेंबर २०२४

शिगे,

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझं मार्चमधलं पत्र तोमिएच्या अक्षरात आलं होतं. बोटाला लागलंय म्हणाला होतास. बरं झालं ना?

आज एक काम आहे. घर विकायचं माझ्या मनात आलंय. परक्या माणसापेक्षा मुरोया-सानना आधी विचारावं. पावणेदोन वर्षं राहिलेत, घराची खोड त्यांना माहीत आहे. दहा लाख येन दिले तरी चालतील. मात्र पैसे नोव्हेंबरच्या आत हवेत.

कारण विशेष काही नाही. येन उतरला, पेन्शनमध्ये पूर्वीइतकं भागत नाही, एवढंच. तू उगीच फाटे फोडू नकोस.

हिसाए


यामागाता, १४ ऑक्टोबर २०२४

ताई,

पत्र चारदा वाचलं. "कारण विशेष काही नाही" आणि "नोव्हेंबरच्या आत" ही दोन वाक्यं एका कागदावर बसत नाहीत. मी चौतीस वर्षं अर्ज वाचलेत.

स्पष्टच विचारतो. कुणी पैसे मागतंय का तुझ्याकडे? तिथे आपल्याकडचे एकटे म्हातारे पुष्कळ आहेत म्हणतात. धंद्यात घालतो, दुप्पट करून देतो, लग्न करू, असं काही? तू भोळी नाहीस, पण अकरा वर्षं घरात कोंडलेलं माणूस मोकळं झालं की कुणाच्याही गोड बोलण्याला फसतं.

मुरोया घर घेऊ शकणार नाही. त्याची ऐपत नाही. त्याला विचारायचीही गरज नाही. तू खरं कारण कळव.

शिगेनोरी


यामागाता, २० ऑक्टोबर २०२४

वन्सं,

हे पत्र मी चोरून लिहितेय. तुमचे बंधुराज कामावर गेलेत. हो, कामावर. सदुसष्टाव्या वर्षी. रस्त्याच्या खोदकामापाशी लाल दिव्याची काठी हलवून गाड्या थांबवतात, आठवड्यातून चार दिवस. मला म्हणाले, "घरी बसून गंज चढतो." मी विश्वास ठेवला. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते, मग मला तरी सवय कुठून असणार?

वन्सं, मुरोया नावाचा माणूसच नाही. मुरोया हे आमच्या गल्लीतल्या टोफूच्या दुकानाचं नाव. तुमच्या घरात कुणीही राहत नाही. पहिल्या महिन्यापासून तीस हजार हेच भरतायत.

मलाही कळलं ते या फेब्रुवारीत. तुमच्या छपरावरचा बर्फ काढायला एकटेच गेले आणि वरून खाली आले. खाली बर्फ होता म्हणून वाचले, गळपट्टीचं हाड मात्र मोडलं. ते बोट-बिट सगळं थाप. इस्पितळात मी विचारलं, "भाडेकरू असताना तुम्ही कशाला छपरावर चढलात?" तर तोंड भिंतीकडे फिरवलं. मी म्हटलं, "तो कुठाय मुरोया? साधं बघायलाही आला नाही?" तेव्हा म्हणाले, "तो येणं कठीण आहे." मग सगळं बाहेर आलं. तुमचे लोंगान सगळे आम्हीच खाल्ले, त्याबद्दल माफी असावी.

घराचं सांगते. जानेवारीत पाइप फुटले. स्वयंपाकघराची जमीन कुजलीय, पाय ठेवला की आत जातो. विकायचं तर आधी पाडावं लागेल, आणि पाडायला जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त लागतात.

मी चिडून लिहीत नाहीये. चिडले होते, आता ते सरलं. पण तुम्हाला तिथे काहीतरी झालंय, असं माझं मन म्हणतं. यांना वाटतं कुणी म्हातारा भेटलाय. मी म्हटलं, भेटला असता तर वन्संनी पत्रात त्याची टिंगल केली असती. काय झालंय ते मला लिहा. नाहीतर यांना लिहा, पण खरं लिहा.

तोमिए


चियांग माई, ८ नोव्हेंबर २०२४

शिगे,

तोमिएने मला सगळं लिहिलंय. तिला बोलू नकोस. एवढं तरी कर.

आठ दिवस मी हातात पेन धरला नाही. धरला असता तर काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक.

बावीस महिने मी माझ्या घराच्या कमाईवर जगते असं समजत होते. बाजारात आंबे घेताना मनात म्हणायचे, हे मुरोया-सानच्या भाड्यातले, म्हणजे माझेच. पिम्पाबाईला ऐटीत सांगायचे, माझं तिकडे घर आहे, त्याचं भाडं येतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं देणं नाही, कुणाचा उपकार नाही, असं वाटलं होतं. आणि तू मागच्या दाराने येऊन माझ्या ताटात वाढत होतास. मला विचारलंस का? मला विचारलं असतंस तर मी परत आले असते. तो माझा निर्णय झाला असता. तू तो माझ्याकडून काढून घेतलास. आणि छपरावर चढलास! मेला असतास तर? मी इथे आंबे खात बसले असते.

आता माझं ऐक. ऑगस्टमध्ये माझं पित्ताशय काढलं. रात्रभर तळमळले, पहाटे पिम्पाबाईने तिच्या भाच्याच्या गाडीतून खाजगी इस्पितळात नेलं. सरकारीत खाट नव्हती. आत घ्यायच्या आधी त्यांनी पैसे मागितले. विम्याचं तुला ठाऊकच आहे. आठ लाखांतले दोन लाख चाळीस हजार काढले. बुद्धापुढचा भात खाल्ला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते परत भरले नाहीत तर फेब्रुवारीत मुदतवाढ नाही. म्हणून घर विकायचं होतं.

तुला कळवलं नाही, कारण तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. तू बरोबर होतास. तुझं "सांगितलं होतं ना" ऐकायच्या आधी मी मेले तरी चालेल, असं त्या खाटेवर वाटलं. इतकी मी मूर्ख.

तेव्हा दोघंही सारखेच. पण माझा राग गेलेला नाही.

हिसाए


यामागाता, २८ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र मी रस्त्यावर, हातात ती लाल काठी असताना वाचलं. एक मालमोटार तशीच पुढे गेली. मुकादमाने शिव्या दिल्या, मी त्या ऐकल्याच नाहीत.

"सांगितलं होतं" असं मी म्हणणार नाही. पण राग तर येणारच मला. इस्पितळात तू एकटी, आणि मी इथे म्हाताऱ्या प्रियकराचा तपास करत होतो.

का केलं, हे तुझ्या मनात असेलच. सांगतो, एकदाच. पुन्हा विचारू नकोस.

आईच्या त्या अकरा वर्षांत मी नवीन वर्षाला दोन दिवस यायचो, मिठाईचा डबा घेऊन. शेवटी शेवटी ती मला ओळखायची, आणि तुला ओळखायची नाही. एका वर्षी माझा हात धरून म्हणाली, "शिगे, त्या कामवाल्या बाईला सांग रे, भात गार आहे." मी हसलो. मला तेव्हा ते विनोदी वाटलं. तू भात उचलून आत गेलीस आणि गरम करून आणलास. मी परतीच्या गाडीत बसल्यावर मला कळलं, आपण कशावर हसलो. फोन करायला हवा होता. केला नाही. पुढच्या वर्षीही मिठाईचा डबाच आणला.

तू गेलीस तेव्हा मला वाटत होतं, भाडेकरू मिळू नये, म्हणजे ताई मुकाट्याने परत येईल. मी जाहिरात दिली, कुणी आलं नाही. "मिळाला नाही, ये परत" असं पत्र लिहून पाकिटात घातलं होतं. मग तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. सात वाजता जाग आली, ते. माझं पत्र फाडलं आणि कोपऱ्यावर टोफू आणायला गेलो. येताना भाडेकरू मिळाला होता.

तुझा निर्णय मी घेतला, ही चूक माझी.

दोन लाख चाळीस हजार बाटांचे येन माझ्याकडे आहेत. तोमिएची संमती आहे, यावेळी विचारून घेतलीय. तू हो म्हणालीस तरच पाठवीन. मुदत १८ डिसेंबर.

शिगेनोरी


चियांग माई, ९ डिसेंबर २०२४

शिगे,

नको.

रागाने म्हणत नाही. दोन दिवस पिम्पाबाईच्या ओट्यावर बसून विचार केला. तुझ्या पैशाने या वर्षी निभावेल. पुढच्या वर्षी गुडघा, मग डोळा. प्रत्येक वेळी तू लाल काठी घेऊन उभा. ते मला पचणार नाही. यावेळचा निर्णय मला घेऊ दे.

१८ फेब्रुवारीला माझा व्हिसा संपतो. त्याआधी परत येते. उरलेले साडेपाच लाख बाट आता नुसते दाखवायचे नाहीत, खायचे आहेत, याचाच मला आनंद झालाय. मार्चअखेरपर्यंत तुमच्याकडे राहीन, त्याहून एक दिवस जास्त नाही. तोपर्यंत नगरपालिकेच्या घरांसाठी अर्ज करून ठेव. तळमजला हवा, खिडकी दक्षिणेकडे. ते नाव नोंदीत परत घालणं, विमा, सगळे कागद तू कर. तुझा जीव रमेल.

मी हरून येत नाहीये, हे लक्षात ठेव. दोन वर्षं मी सातला उठले. तेवढ्यासाठी यायचं होतं, असं आता वाटतं.

एक अट आहे. तू आणि तोमिए जानेवारीत इथे या. पंधरा दिवस. सामान आणायला म्हण हवं तर. ज्या भाजीवालीपुढे मी वांग्याला माझं म्हटलं, तिला तुम्ही बघायला हवं. नाहीतर पुढे आयुष्यभर तू म्हणशील, "ताई तेव्हा कुठेशी गेली होती." कुठे ते तुला ठाऊक पाहिजे.

तिकिटाचे पैसे मी देणार. वाद घालू नकोस. खर्चायचे पैसे आहेत आता माझ्याकडे.

हिसाए


यामागाता, २४ डिसेंबर २०२४

ताई,

वाद घातला नाही, नोंद घे.

घरासाठी अर्ज केला. दक्षिणेच्या खिडकीचा रकाना फॉर्ममध्ये नाही. शेरा म्हणून समासात लिहिलंय. शिंजोच्या घराचं काय करायचं ते एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर दोघं जाऊन बघू. तू येशील तेव्हा चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा, विमा त्याच दिवशी सुरू होतो. तुझ्या पासपोर्टवर इथे उतरल्याचा शिक्का मारून घे, यंत्राच्या फाटकातून येऊ नकोस, तिथे शिक्का मिळत नाही. हे वाक्य दोनदा वाच.

आमचे पासपोर्ट काढायला टाकलेत. माझा आयुष्यातला पहिला. माझ्या जुन्या खिडकीच्या शेजारच्याच खिडकीवर अर्ज दिला. तिथे आता नवीन मुलगी आहे, मला ओळखत नाही. तिने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हा नाही चालणार. दात दिसतायत."

मी म्हटलं, "कुणाचे?"

"तुमचे. इतकं हसलेलं चालत नाही."

तोमिए मागे उभी होती. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "चाळीस वर्षं मी म्हणतेय, फोटोत जरा हसा, आणि हसायला मुहूर्त सापडला तो हा!"

दुसरा काढला. त्यात मी तेरावं घातल्यासारखा दिसतो. तो लगेच चालला.

नापास झालेला या पाकिटात घालतोय. विमानतळावर याच्यासारखा माणूस शोध.

शिगे